मुदारबा ठेवींचा हिशेब: ताळेबंदाच्या आधी पूल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पारंपरिक बँकेच्या हिशेब विभागातून तुम्ही इस्लामिक बँकेत आला आहात. तिथल्या नफा-वाटणीच्या, म्हणजे मुदारबा, गुंतवणूक ठेवी ताळेबंदात देणं म्हणून दाखवायच्या की भांडवल म्हणून, महिन्याचा नफा ठेवीदारांमध्ये कसा वाटायचा, दोन वेगवेगळे राखीव निधी कशाला, आणि तोटा झाला तर तो कुणाच्या नावे टाकायचा, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे. शेवटी तुम्ही असंही विचारलंय की ठेवीदाराच्या हाती बाजारातल्या व्याजाइतकीच रक्कम पडत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर बाकीच्या चार प्रश्नांतूनच निघतं.

आधी करार समजून घ्या, कारण प्रत्येक नोंद तिथून येते. मुदारबामध्ये ठेवीदार पैसा देतो, बँक मेहनत आणि व्यवस्थापन देते. ठेवीदार हा रब्ब-उल-माल, म्हणजे भांडवलाचा मालक. बँक मुदारिब, म्हणजे ते भांडवल चालवणारी. नफा झाला तर आधी ठरलेल्या प्रमाणात दोघांत वाटायचा. तोटा झाला तर तो भांडवलाचा, म्हणजे ठेवीदाराचा. मुदारिबाची मेहनत फुकट जाते, तोच त्याचा तोटा. मात्र बँकेने हलगर्जी केली, गैरव्यवहार केला किंवा कराराच्या अटी मोडल्या, तर तोटा बँकेने भरून द्यायचा. बँकेला मुद्दल परत करण्याची किंवा ठरावीक रकमेच्या नफ्याची हमी मुदारिब म्हणून देता येत नाही. चालू खातं याच्या अगदी उलट असतं. तो बहुतेक ठिकाणी कर्द, म्हणजे बिनव्याजी कर्जाचा करार असतो. मागताक्षणी पूर्ण रक्कम परत द्यायची, त्यामुळे ते सरळसोट देणं आहे आणि त्यावर वाद नाही.

आता ताळेबंद. मुदारबा ठेव देणं म्हणावी, तर तोटा झाल्यास तो भरून देण्याची जबाबदारी बँकेवर नाही. भांडवल म्हणावं, तर ठेवीदाराला सभेत मत नाही, संचालक मंडळात जागा नाही, बँकेच्या उरलेल्या मालमत्तेवर हक्क नाही, आणि मुदत संपली की तो पैसे घेऊन जातो. एओआयएफआय ही इस्लामिक वित्तसंस्थांसाठी मानकं ठरवणारी बहरीनस्थित संस्था 1991 पासून काम करते आहे. तिने या ठेवींना देणी आणि भागधारकांचं भांडवल यांच्या मधली स्वतंत्र जागा दिली. आधी एफएएस 5 आणि एफएएस 6 ही तिची दोन हिशेब मानकं होती. त्यांची जागा एफएएस 27 ने घेतली आणि ते 1 जानेवारी 2016 पासून लागू झालं. आता तोच विषय एफएएस 45 मध्ये अर्ध-भांडवल या नावाखाली आला आहे, 1 जानेवारी 2026 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी.

आयएफआरएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशेब मानकं, पाळणाऱ्या देशांत चित्र वेगळं दिसतं. त्यातलं आयएएस 32 एकच गोष्ट विचारतं: रोख रक्कम देण्याचं बंधन टाळणं बँकेच्या हातात आहे का? ठेवीदाराने मुदत संपल्यावर किंवा मागणी करून पैसे मागितले, तर बँकेला नाही म्हणता येत नाही. रक्कम पूलच्या, म्हणजे एकत्र गुंतवलेल्या पैशाच्या, कामगिरीनुसार कमी-जास्त होईल, पण बंधन आहेच. म्हणून ती ठेव आर्थिक देणं ठरते आणि ठेवीदाराला दिलेला नफा खर्चाच्या बाजूला जातो. मलेशियाने 2013 च्या इस्लामिक वित्तीय सेवा कायद्यात इस्लामिक ठेव आणि गुंतवणूक खातं यांची कायद्यानेच फारकत केली. पहिल्यात मुद्दल सुरक्षित, दुसऱ्यात नाही, आणि दुसऱ्याला ठेव विम्याचं संरक्षणही नाही. पण तिथले हिशेब आयएफआरएसशी जुळणाऱ्या मानकांनी होतात.

नवख्या लोकांचा बराच वेळ या वादात जातो. माझं मत स्पष्ट आहे: जागा कुठलीही द्या, भागधारकांच्या वाट्याला येणारा निव्वळ नफा तोच राहतो. एका मांडणीत ठेवीदारांचा हिस्सा ‘नफ्यातून वाटप’ म्हणून वजा होतो, दुसरीत ‘खर्च’ म्हणून. कर्ज-भांडवल गुणोत्तर वेगळं दिसेल, दोन देशांतल्या बँकांची तुलना करताना काळजी घ्यावी लागेल, एवढंच. ठेवीदाराला किती मिळणार हे मात्र ताळेबंदावर ठरत नाही, ते पूलच्या वहीत ठरतं. भागधारक सभेत प्रश्न विचारू शकतो. तोटा सोसणाऱ्या ठेवीदाराला मत नाही, म्हणून त्याच्या बाजूने उभी राहणारी गोष्ट म्हणजे पूलचा प्रामाणिक हिशेब. तुमच्या टेबलावर जे काम येणार आहे ते हे.

पूल म्हणजे ठेवीदारांचा पैसा आणि बँकेचा स्वतःचा पैसा एकत्र करून घेतलेल्या मालमत्तांचा गट: मुराबहाची (नफा जोडून उधारीवर केलेल्या विक्रीची) येणी, इजाराच्या (भाड्याने दिलेल्या) वस्तू, सुकूक (इस्लामिक रोखे) वगैरे. एक उदाहरण घेऊ. आकडे कोटींत, चलन कोणतंही धरा. पूल 1000 चा आहे. त्यात बँकेचा निधी 200, बचत मुदारबा ठेवी 300, एक वर्षाच्या ठेवी 300 आणि तीन वर्षांच्या 200. हे सगळे महिन्याचे सरासरी दैनिक शिल्लक आकडे आहेत, महिनाअखेरचे नाहीत. अखेरची शिल्लक घेतली तर 29 तारखेला पैसे टाकणारा महिनाभर पैसे ठेवणाऱ्याच्या ताटातलं खातो.

महिन्याचं एकूण उत्पन्न 8.00. त्यातून पूलच्या मालमत्तांवरचा थेट खर्च वजा करायचा. इजाराच्या वस्तूंचा घसारा, त्यांच्या तकाफुलचा (इस्लामिक विम्याचा) हप्ता, बुडीत येण्यांची तरतूद असं मिळून 1.80. उरले 6.20. यातून 0.20 नफा-समतोल राखीवात टाकले (दोन्ही राखीवांचा खुलासा पुढे येतो), वाटपासाठी उरले 6.00.

पहिली वाटणी भांडवलाच्या प्रमाणात होते. बँकेचा निधी 20 टक्के, म्हणून 1.20 बँकेचे. ठेवीदारांच्या निधीवर 4.80. आता मुदारिबाचा हिस्सा. करारात 40 टक्के ठरला असेल तर 1.92 बँकेला, ठेवीदारांना 2.88. यातून 0.08 जोखीम राखीवात गेले आणि प्रत्यक्ष वाटायला 2.80 राहिले.

हे 2.80 तिन्ही प्रकारच्या ठेवीदारांत भारांक लावून वाटतात. ज्याने जास्त काळ पैसा अडकवला त्याचा भारांक जास्त. बचतीचा 0.50, एक वर्षाचा 1.00, तीन वर्षांचा 1.25 असे भारांक धरले, तर भारित शिल्लक अनुक्रमे 150, 300 आणि 250, एकूण 700. प्रत्येक भारित एककामागे 2.80 भागिले 700, म्हणजे 0.004. बचतीला 0.60 मिळाले, म्हणजे मूळ 300 वर महिन्याला 0.2 टक्के, वर्षाला 2.4. एक वर्षाच्या ठेवीला 1.20, म्हणजे वर्षाला 4.8 टक्के. तीन वर्षांच्या ठेवीला 1.00, म्हणजे 6 टक्के. हे दर आधी जाहीर केलेले नव्हते, ते महिना संपल्यावर हिशेबातून निघाले. आधी जाहीर व्हायला हवेत ते भारांक आणि नफ्याचं प्रमाण. पाकिस्तानच्या स्टेट बँकेने 2012 मध्ये पूल व्यवस्थापनाचे जे नियम घातले, त्यात भारांक कालावधी सुरू होण्याआधी जाहीर करण्याचं बंधन आहे आणि ते अत्यंत योग्य आहे. नफा किती झाला ते कळल्यावर भारांक ठरवायची मुभा मिळाली, तर हव्या त्या ठेवीदाराला हवा तो दर दाखवता येतो आणि मग करारात काही अर्थच उरत नाही.

गणित एवढंच. कस लागतो तो यातल्या प्रत्येक आकड्यात काय घातलं आणि काय वगळलं ते बघताना.

पहिली जागा खर्चाची. पूलच्या नावे तेवढाच खर्च पडावा जो त्या मालमत्तांमुळे झाला. कर्मचाऱ्यांचे पगार, शाखेचं भाडं, सॉफ्टवेअर, जाहिरात, मुख्य कार्यालयाचा खर्च हे सगळं मुदारिब म्हणून बँकेनेच सोसायचं असतं. त्याचीच भरपाई म्हणून तिला 40 टक्के मिळतात. ‘प्रशासकीय खर्च, पूलचा वाटा’ अशी एखादी ओळ दिसली की थांबा आणि कागद मागवा. वरच्या उदाहरणात असे 0.50 पूलच्या नावे टाकले, तर ठेवीदारांच्या हिश्शातून 0.24 जातात, म्हणजे त्यांच्या 2.88 मधला बारावा भाग. दरात हा फरक ठेवीदाराला कधीच कळणार नाही.

दुसरी जागा उत्पन्नाची. हमीपत्रं, पतपत्रं, पैसे पाठवण्याची सेवा यांचं शुल्क साधारणपणे बँकेचं एकटीचं, कारण त्यात ठेवीदारांचा पैसा वापरलेला नसतो. पण पूलमधल्या मालमत्तेशी जोडलेलं उत्पन्न पूलचं. इजाराची वस्तू विकून झालेला फायदा, पूलमधलं बुडीत धरलेलं येणं पुढे वसूल झालं तर ती वसुली, हे सगळं पूलमध्येच यायला हवं. वसुलीकडे खास लक्ष द्या. तरतूद करताना ती पूलच्या नावे पडली आणि दोन वर्षांनी पैसे आले तेव्हा मात्र ते बँकेच्या ‘इतर उत्पन्नात’ जमा झाले, असं घडू शकतं, आणि तेही कुणाच्या वाईट हेतूशिवाय, फक्त खातं निवडताना कुणी विचार केला नाही म्हणून. उशिरा हप्ता भरणाऱ्याकडून घेतलेली रक्कम आणि शरियाला न चालणारं उत्पन्न यांना मात्र पूलमध्येही जागा नाही, ते धर्मादाय खात्यात.

तिसरी जागा ‘बँकेचा निधी’ या आकड्याची. उदाहरणातले 200 खरोखर भागधारकांचे आहेत का? बऱ्याचदा त्यात चालू खात्यांचा पैसाही असतो. समजा 80 भागधारकांचे आणि 120 चालू खात्यांचे. चालू खात्याचं मुद्दल बँकेने परत करायचंच आहे, त्याची जोखीम बँकेची, म्हणून त्यावरचा नफाही बँकेला. हे मान्य आहे. पण ती रक्कम पूलमध्ये प्रत्यक्ष गुंतलेली असली पाहिजे. मध्यवर्ती बँकेतला सक्तीचा राखीव आणि तिजोरीतली रोख सगळी ठेवीदारांच्या वाट्याची धरायची आणि चालू खात्यांचा पैसा शंभर टक्के गुंतवलेला दाखवायचा, ही वाटणी न्याय्य नाही.

याच्याच शेजारची एक चूक सहसा नजरेतून सुटते. काही बँका बचत ठेवीतली ठरावीक टक्के रक्कमच गुंतवली असं धरतात, कारण उरलेली रोख म्हणून ठेवावी लागते. पद्धत म्हणून ते चालतं. काही बँका रोखतेची किंमत भारांकात धरतात, बचतीला कमी भारांक देऊन. तेही चालतं. पण दोन्ही एकाच वेळी लावलं, तर एकाच कारणासाठी बचत ठेवीदाराचं दोनदा कापलं जातं. बचतीचा दर फारच कमी दिसला की आधी हे तपासा.

आता राखीव. कामात पीईआर आणि आयआरआर अशी नावं कानावर पडतील. आधीचा नफा-समतोल राखीव, नंतरचा जोखीम राखीव. दोन्ही ‘चांगल्या दिवसांत बाजूला काढलेले पैसे’ म्हणून एकाच खात्यात ढकलू नका. ते नफ्याच्या वेगवेगळ्या पायरीवर निघतात आणि त्यांचे मालक वेगळे आहेत. नफा-समतोल राखीव मुदारिबाचा हिस्सा काढण्याआधी निघतो, म्हणून त्यात बँक आणि ठेवीदार दोघांचे पैसे असतात. जोखीम राखीव मुदारिबाचा हिस्सा दिल्यानंतर ठेवीदारांच्या रकमेतून निघतो, म्हणून तो संपूर्ण ठेवीदारांचा. पहिल्याचा उपयोग नफ्याचा चढउतार सपाट करण्यासाठी, दुसऱ्याचा मुद्दलावर आलेला तोटा झेलण्यासाठी.

उदाहरणातले नफा-समतोल राखीवाचे 0.20 कुणाचे ते काढून बघा. 20 टक्के, म्हणजे 0.04, बँकेच्या निधीचे. उरलेल्या 0.16 मधले 40 टक्के, म्हणजे 0.064, मुदारिबाचे. ठेवीदारांचे 0.096. म्हणजे 0.104 भागधारकांच्या बाजूला राखीव म्हणून जमा, आणि 0.096 ठेवीदारांच्या बाजूला. एओआयएफआयच्या मांडणीत हे 0.096 ठेवीदारांच्या अर्ध-भांडवलात बसतात, आयएफआरएसच्या मांडणीत देण्यात. जोखीम राखीवाचे 0.08 सगळेच ठेवीदारांच्या बाजूला. राखीवांसाठी एफएएस 35 हे स्वतंत्र मानक 2021 पासून लागू आहे. मालमत्तांच्या मूल्यातली घट आणि पतहानीची तरतूद एफएएस 30 मध्ये येते. तरतूद आणि राखीव यांची गल्लत अजिबात करू नका. तरतूद म्हणजे अपेक्षित हानीची नोंद, ती नफा ठरण्याआधीची. राखीव म्हणजे झालेल्या नफ्यातून बाजूला काढलेला भाग.

राखीव वापरतानाही हीच मालकी टिकते, आणि इथे अनुभवी माणसंही अडखळतात. समजा बाजारात एक वर्षाच्या ठेवीवर 5.4 टक्के मिळतात आणि आपले निघाले 4.8. व्यवस्थापन म्हणतं, दर 5.4 वर न्या. त्यासाठी प्रत्येक भारित एककामागे 0.0045 लागतील, म्हणजे ठेवीदारांना 2.80 ऐवजी 3.15. तूट 0.35 ची. मग राखीवातून 0.35 काढले की झालं? नाही. नफा-समतोल राखीवातली रक्कम वाटणीच्या वरच्या टोकाला येते आणि पुन्हा त्याच चाळणीतून खाली उतरते: आधी बँकेचे 20 टक्के, मग मुदारिबाचे 40 टक्के. दर रुपयामागे ठेवीदारापर्यंत 48 पैसे पोचतात. म्हणून 0.35 पोचवायला सुमारे 0.73 ची हालचाल करावी लागते. या महिन्याचे 0.20 राखीवात टाकायचे नाहीत आणि वर साठलेल्यातून सुमारे 0.53 काढायचे. थेट 0.35 काढून ठेवीदारांच्या खात्यात टाकले, तर भागधारकांच्या मालकीचा पैसा कुठल्याही ठरावाशिवाय दुसऱ्याला दिल्यासारखं होतं.

दुसरा मार्ग हिबाचा, म्हणजे भेट म्हणून सोडून देण्याचा. बँक स्वतःच्या 1.92 मधले 0.35 सोडून देते आणि 1.57 घेते. हे करता येतं, पण तो स्वेच्छेचा निर्णय असावा. आधीपासून दिलेलं वचन असेल तर ती हमीच झाली. नोंद करताना आधी मुदारिबाचा पूर्ण हिस्सा 1.92 बँकेच्या उत्पन्नात घ्या आणि मग 0.35 हिबा म्हणून वेगळ्या ओळीत नावे टाका. निव्वळ 1.57 दाखवलेत तर वाचणाऱ्याला बँकेने काय सोडलं ते दिसत नाही. पाकिस्तानातल्या इस्लामिक बँकांच्या वार्षिक हिशेबांत मुदारिबाचा हिस्सा आणि हिबा या रकमा वेगळ्या दिलेल्या सापडतील. त्या टिपा काढून वाचा, कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकाल. जोखीम राखीव मात्र दर वाढवण्यासाठी उघडायचा नाही. तो तोट्यासाठीच आहे.

तोटा झाला तर? समजा एका वर्षी पूलला नफा संपवून वर 10 चा निव्वळ तोटा झाला आणि त्यात बँकेची हलगर्जी नाही. बँकेच्या निधीवर 20 टक्के, म्हणजे 2. ठेवीदारांवर 8. जोखीम राखीवात 4 असतील तर ते आधी खर्ची पडतात. उरलेले 4 ठेवीदारांच्या मुद्दलातून. ते कसे वाटायचे? भारांकाने नाही. नफा कराराप्रमाणे वाटला जातो, तोटा मात्र प्रत्यक्ष भांडवलाच्या प्रमाणात. 300, 300 आणि 200 या शिलकांवर 1.5, 1.5 आणि 1.0, म्हणजे प्रत्येकाच्या मुद्दलाचा अर्धा टक्का. भारांक लावून तोटा वाटणारं सॉफ्टवेअर असू शकतं, कारण वाटपाचा तोच सूत्रसंच उलट्या चिन्हाने चालवलेला असतो. चाचणीसाठी एक तोट्याचा महिना घालून बघा. खरा तोटा येईपर्यंत ही चूक कुणाला दिसत नाही आणि तो आला की दुरुस्तीला वेळ नसतो.

तोट्याची नोंद करण्याआधी शरिया मंडळाचं मत लेखी घ्या. एखादं येणं बाजारामुळे बुडालं की तारण न तपासता पैसे दिल्यामुळे बुडालं, यावर ते 8 कुणाचे हे ठरतं. हलगर्जी ठरली तर सगळा भार भागधारकांवर, आणि नोंद बँकेच्या स्वतःच्या नफा-तोटा पत्रकात. हिशेब विभागाने पुरावा मांडायचा. निवाडा आपला नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ठेवीदाराला बाजाराइतकंच मिळत असेल तर हे सगळं कशासाठी? तुमची शंका निराधार नाही. इजिप्तमधल्या इंटरनॅशनल इस्लामिक बँक फॉर इन्व्हेस्टमेंट अँड डेव्हलपमेंट या बँकेने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळा नफा गुंतवणूक खातेदारांना वाटला आणि भागधारकांना काहीच दिलं नाही. 1988 मध्ये तर ठेवीदारांना दिलेली रक्कम नफ्याहूनही जास्त होती आणि फरक पुढे ओढलेला तोटा म्हणून हिशेबात दिसला. करारात जोखीम ठेवीदाराची, व्यवहारात ती भागधारकांनी उचलली, कारण ठेवीदार निघून जाण्याची भीती होती. याला विस्थापित व्यापारी जोखीम म्हणतात.

नियामकांनी ही जोखीम अल्फा या गुणकात पकडली. क्वालालंपूरची आयएफएसबी, म्हणजे इस्लामिक वित्तीय सेवा मंडळ, 2002 मध्ये स्थापन झाली आणि 2005 च्या भांडवल पर्याप्तता मानकात (बँकेचं भांडवल तिच्या जोखमीला पुरेसं आहे का ते मोजणाऱ्या) तिने दोन सूत्रं दिली. भांडवल भागिले जोखीम-भारित मालमत्ता हे गुणोत्तर काढताना एकात ठेवीदारांच्या पैशावर उभ्या मालमत्ता भाजकातून वगळल्या जातात. दुसऱ्यात, नियामकाच्या विवेकाने, त्यातला अल्फाइतका भाग पुन्हा आत घेतला जातो. भांडवल 80, ठेवीदारांच्या निधीवरच्या जोखीम-भारित मालमत्ता 600 आणि बाकीच्या 400 धरा, राखीवांचं बारीक गणित बाजूला ठेवा. अल्फा शून्य असेल, म्हणजे तोटा खरोखर ठेवीदार सोसतात असं मानलं, तर 80 भागिले 400, गुणोत्तर 20 टक्के. अल्फा 1, म्हणजे व्यवहारात सगळी जोखीम बँकेची, तर 80 भागिले 1000, फक्त 8 टक्के. अल्फा 0.30 असेल तर 580 वर 80, सुमारे 13.8 टक्के. बँक तीच, ठेवी त्याच. गुणोत्तर बदलतं ते ठेवीदाराला प्रत्यक्षात कसं वागवलं यावर, आणि हे वागणं दिसतं कुठे? राखीवांच्या हालचालीत आणि हिबाच्या ओळीत.

म्हणून दर महिन्याला दर बाजाराइतका निघणं हे एकटं काहीच सिद्ध करत नाही. पूल चांगला चालला म्हणून तो निघाला, राखीव रिकामे करून निघाला, की हिबा देऊन निघाला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ठेवीदाराला पासबुकात तीन्ही सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक दाखवणारा कागद तुम्ही बनवणार आहात. हा फरक दाखवला नाही, तर खटाटोप निरर्थक आहे हे तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. दाखवला, तर ठेवीदार आपली जोखीम समजून निर्णय घेऊ शकतो.

राखीवांबद्दल न्यायाचा एक प्रश्न मला अजूनही टोचतो. आज ज्या ठेवीदाराच्या नफ्यातून 0.096 आणि 0.08 बाजूला काढले, तो सहा महिन्यांनी खातं बंद करून गेला, तर त्याचा वाटा कुणाला? खातं उघडताना तो ‘राखीवावरचा हक्क सोडतो’ अशा अर्थाच्या कलमावर सही करतो, त्यामुळे पैसे पूलमध्येच राहतात आणि पुढच्या ठेवीदारांच्या कामी येतात. कायद्याने ते ठीक आहे. पण राखीव वर्षानुवर्षं फुगत ठेवला, तर जुन्या ठेवीदारांच्या पैशातून नव्यांना दर दिला जातो. म्हणून राखीवाला कमाल मर्यादा असावी आणि ती लेखी असावी, असं माझं ठाम मत आहे.

निर्बंधित खाती आणि वकाला यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी चार ओळी. ज्या खात्यात पैसा कुठे गुंतवायचा हे ठेवीदार स्वतः ठरवतो आणि बँकेला त्या मालमत्तेवर मनाप्रमाणे अधिकार नाही, ते ताळेबंदाबाहेर राहतं. बँक फक्त आपला हिस्सा किंवा शुल्क उत्पन्नात घेते. वकालामध्ये बँक प्रतिनिधी असते, शुल्क ठरलेलं असतं, आणि अपेक्षेपेक्षा जास्त नफा झाला तर तो बक्षीस म्हणून बँकेला मिळावा अशी अट घालता येते. त्याचं मानक एफएएस 31. ही खाती मुदारबाच्या पूलमध्ये मिसळली असतील तर वाटपाचा क्रम बदलतो, म्हणून ती वेगळी काढून मगच हिशेब करा.

सुरुवात कुठून करायची ते सांगतो. मागच्या बारा महिन्यांचे पूलचे तक्ते काढा. प्रत्येक महिन्यासाठी करारातलं मुदारिबाचं प्रमाण आणि प्रत्यक्षात घेतलेलं प्रमाण शेजारीशेजारी लिहा. त्याच्या बाजूला दोन्ही राखीवांची सुरुवातीची शिल्लक, भर, वापर आणि अखेरची शिल्लक. मग पूलच्या नावे पडलेल्या खर्चाची प्रत्येक ओळ मालमत्तेशी जोडून बघा. जी जोडली जात नाही तिची यादी करून विभागप्रमुखांकडे आणि शरिया ऑडिटरकडे न्या. भारांक बदलले असतील तर ते कोणत्या तारखेला मंजूर झाले आणि कोणत्या तारखेला जाहीर झाले, याचे कागद शोधा. वाचायची तर एओआयएफआयची दोन शरिया मानकं वाचा: मुदारबावरचं 13 क्रमांकाचं आणि मुदारबा खात्यांतल्या नफा-वाटपावरचं 40 क्रमांकाचं. हिशेबाची मानकं त्यानंतर हातात घेतलीत तर प्रत्येक नोंद तशी का आहे, हे कळत जाईल.